दोन देशांच्या समुद्रात एक पवनऊर्जा प्रकल्प: काय आधी ठरवायचं, काय नंतर

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचं तंत्र आता चांगलंच रुळलं आहे. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीच्या किनाऱ्याजवळ ४५० किलोवॅटची ११ टर्बाइन उभी केली, तेव्हा सगळी मिळून क्षमता जेमतेम ५ मेगावॅट होती. आज एकच टर्बाइन १५ मेगावॅटचं असतं. उद्दिष्टंही तशीच मोठी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये बेल्जियममधल्या ओस्टेंडला नऊ युरोपीय देशांनी उत्तरेकडच्या समुद्रांमध्ये २०५० पर्यंत ३०० गिगावॅट उभे करायचं जाहीर केलं. तरीही दोन देशांच्या ग्रिडना एकाच वेळी जोडलेले पवनऊर्जा प्रकल्प अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

ते अडतात कुठे? खोल पाणी, लाटा, गंज या अडचणी एका देशाच्या प्रकल्पालाही असतात आणि त्यांवर उपाय माहीत आहेत. सीमापार प्रकल्प अडतो तो केबलपाशी: ती कुणाची, तिच्यातून आधी कुणाची वीज जाणार आणि दोन्ही टोकांच्या दरांतला फरक कुणाच्या खिशात जाणार. हा हिशेब बहुतेक ठिकाणी शेवटी काढला जातो. पुढच्या क्रमात मी तो मुद्दाम वर घेतला आहे. सरकारी खात्यात, पारेषण कंपनीत किंवा विकासकाकडे बसून अशा प्रकल्पाचा पहिला आराखडा करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

पायरी १: आपला प्रकल्प नेमका कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

‘सीमापार प्रकल्प’ या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. टर्बाइन एका देशाच्या पाण्यात आणि वीज फक्त शेजारच्या देशात, हा पहिला प्रकार. टर्बाइन एका देशात, पण केबल दोन्हीकडे, हा दुसरा. त्याला संकर प्रकल्प म्हणतात, कारण तीच केबल वारा असताना पवनऊर्जा वाहते आणि वारा नसताना दोन देशांमधला वीजव्यापार. तिसऱ्या प्रकारात दोन्ही देशांत स्वतंत्र प्रकल्प असतात आणि ते समुद्रातच एकमेकांना जोडले जातात. चौथा प्रकार म्हणजे सीमारेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेला एकच प्रकल्प.

नकाशावर चौथा प्रकार सर्वांत आकर्षक दिसतो, पण पहिला प्रकल्प म्हणून तो घेऊ नका. प्रत्येक टर्बाइनला कोणत्या देशाचा परवाना, कर आणि कामगार कायदा लागू होतो हे वेगवेगळं ठरवावं लागतं आणि त्यातून हाती फारसं काही लागत नाही. माझा कौल तिसऱ्या प्रकाराला. दोन्ही प्रकल्प आपापल्या देशाच्या नियमांनी उभे राहतात, जोडणी हे वेगळं काम राहतं आणि एका बाजूला उशीर झाला तरी दुसरी बाजू वीज विकू शकते.

पायरी २: सीमारेषा कागदावर पक्की आहे का ते तपासा

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्र कायदा कराराप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचं पूर्ण सार्वभौमत्व असतं. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात त्याला ठरावीक हक्क असतात. वाऱ्यापासून ऊर्जा मिळवण्याचा हक्क कलम ५६ मध्ये स्पष्ट लिहिला आहे. कलम ६० प्रमाणे तिथल्या बांधकामांवर किनारी देशाचाच अधिकार चालतो आणि त्यांच्याभोवती साधारणपणे ५०० मीटरपर्यंतचा सुरक्षा पट्टा ठेवता येतो. इथवर सगळं सोपं आहे. शेजारच्या दोन देशांच्या किनाऱ्यांमध्ये ४०० मैलांपेक्षा कमी अंतर असलं, की त्यांचे हक्क एकमेकांवर चढतात. मग रेषा आखण्यासाठी स्वतंत्र करार लागतो आणि तो सगळीकडे झालेला नसतो.

जर्मनीच्या रिफगाट प्रकल्पाचं उदाहरण लक्षात ठेवा. बोर्कुम बेटाजवळची ही ३० टर्बाइन अशा पाण्यात उभी आहेत जिथली सीमा जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्यात ठरलेलीच नव्हती. काम पुढे गेलं आणि २०१४ मध्ये दोन्ही देशांनी तिथल्या एम्स-डोलार्ट भागासाठी करार केला. त्यात त्यांनी सीमेचा मूळ वाद बाजूला ठेवला आणि कोणत्या भागात कुणाचा कायदा चालेल एवढंच ठरवलं. वाद न मिटवताही काम चालू ठेवायचा हा रस्ता आहे, पण करार टर्बाइन उभी राहण्याआधी व्हायला हवा. बँक असल्या जागेवर कर्ज देताना फार कचरते. पोलंड आणि डेन्मार्क यांनी डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटाच्या दक्षिणेकडच्या वादग्रस्त पट्ट्यात २०१८ मध्ये सरळ रेषाच आखून घेतली. त्यामुळे तिथलं समुद्राचं नियोजन करणं शक्य झालं.

एक जुना दाखलाही वाचण्यासारखा आहे. ब्रिटन आणि नॉर्वे यांच्या सीमेवर समुद्रात पसरलेल्या फ्रिग या नैसर्गिक वायूच्या साठ्यासाठी १९७६ मध्ये करार झाला. एकच चालक, उत्पादनाची ठरलेली वाटणी आणि दोन्ही सरकारांना तपासणीचा हक्क, अशी त्याची रचना होती. वारा वायूसारखा संपत नाही, त्यामुळे वाटणीचं गणित वेगळं राहील, पण करारातली कलमांची चौकट आजही उपयोगी पडते.

पायरी ३: त्या पाण्यात आधीपासून कोण आहे ते पाहा, सुरुवात लष्करापासून करा

जहाजमार्ग, मासेमारी, पक्ष्यांचे स्थलांतराचे मार्ग, जुन्या केबल आणि वायुवाहिन्या यांची यादी सगळेच करतात. पण संरक्षण खात्याकडे बरेच जण उशिरा जातात, आणि ते महागात पडतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनच्या सरकारने बाल्टिक समुद्रातले १३ पवनऊर्जा प्रकल्प एकाच निर्णयात फेटाळले. टर्बाइनमुळे क्षेपणास्त्रांची चाहूल उशिरा लागेल, असं कारण दिलं गेलं. विकासकांनी वर्षानुवर्षं केलेली सर्वेक्षणं त्या एका दिवसात कागदावरच राहिली. सीमापार प्रकल्पात दोन संरक्षण खाती असतात आणि नकार देताना ती कारणांचा तपशील सांगत नाहीत. म्हणून सर्वेक्षणावर मोठा खर्च करण्याआधी दोघांकडून लेखी ‘प्राथमिक हरकत नाही’ घ्या.

जहाजमार्गांचंही तसंच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मान्य केलेला मार्ग हलवायचा तर तिचीच परवानगी लागते, आणि तो प्रवास मोठा असतो. शक्यतो मार्ग आहे तिथे ठेवा आणि टर्बाइन सरकवा.

इथेच वाऱ्याच्या सावलीचा प्रश्नही येतो. टर्बाइनच्या रांगांमागे वारा मंदावतो आणि हवा स्थिर असेल तर हा परिणाम काही दहा किलोमीटरपर्यंत जाणवतो. बेल्जियमचा पवनऊर्जा पट्टा आणि नेदरलँड्सचं बोर्सेले क्षेत्र सीमेला लागून आहेत. नैर्ऋत्येकडून वारा आला की बेल्जियमच्या टर्बाइनमधून गेलेली हवा डच टर्बाइनना मिळते. शेजाऱ्याचा वारा अडवल्याबद्दल भरपाई किती, हे सांगणारं कलम समुद्र कायद्यात नाही. त्यामुळे सीमेपासून किती अंतर मोकळं सोडायचं आणि घट झाली तर ती कशी मोजायची, हे आपसातल्या करारात आकड्यांसह लिहा.

पायरी ४: दराच्या फरकाचा हिशेब मांडा

या पायरीवर हवा तेवढा वेळ द्या, बाकीच्या पायऱ्यांचं वेळापत्रक सैल झालं तरी चालेल.

समजा, समुद्रात १,००० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तो ‘अ’ देशाच्या पाण्यात आहे आणि ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही देशांना १,००० मेगावॅटच्या एकेका केबलने जोडला आहे. एका तासाला ‘अ’मध्ये विजेचा दर मेगावॅट-तासाला ९० युरो आहे, ‘ब’मध्ये ४०. त्या तासाला प्रकल्प ६०० मेगावॅट देतो आहे. वीज महाग बाजूला धावणार, म्हणून ते ६०० ‘अ’कडे जातात आणि केबलमधली उरलेली ४०० ची जागा ‘ब’कडून आलेल्या स्वस्त विजेने भरते.

आता दोन पद्धती बघा. पहिलीत प्रकल्प ‘अ’च्या बाजाराचा भाग मानला जातो. त्याला ९० चा दर मिळतो, म्हणजे तासाला ५४,००० युरो. सीमापार गेलेल्या ४०० मेगावॅटवर ५० युरोचा फरक, म्हणजे २०,००० युरो, केबलच्या मालकांना मिळतात. दुसऱ्या पद्धतीत समुद्रातला प्रकल्प हा स्वतंत्र दर विभाग असतो, म्हणजे तिथला विजेचा दर वेगळा ठरतो. ‘अ’कडची केबल पूर्ण भरलेली आहे, ‘ब’कडची नाही, म्हणून समुद्रातला दर ‘ब’एवढा, म्हणजे ४० ठरतो. प्रकल्पाला २४,००० युरो मिळतात. केबलमालकांना १,००० मेगावॅटवर ५० प्रमाणे ५०,००० युरो मिळतात.

दोन्हीकडे बेरीज ७४,००० च येते. समाजाचा एकूण फायदा तोच राहतो, पण विकासकाच्या हातात पडणारी रक्कम निम्म्याहून खाली जाते. स्वतंत्र दर विभागाची पद्धत ग्रिडच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे, कारण दर प्रत्यक्षातली कोंडी दाखवतो, आणि मला तीच योग्य वाटते. पण केबलमालकांकडे गेलेल्या पैशातून विकासकाची भरपाई करायची सोय आधी केली नाही, तर प्रकल्प उभारण्याच्या हक्काच्या लिलावात कुणी उतरणार नाही. निश्चित दराचा दुतर्फी करार हा एक मार्ग आहे: बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेला की सरकार फरक भरतं, वर गेला की विकासक परत करतो. आपल्या प्रकल्पाचं वर्षभराचं तासागणिक गणित दोन्ही पद्धतींनी करा आणि दोन्ही सरकारांसमोर एकाच तक्त्यात ठेवा. आकडे समोर असले की वाटाघाटीतली अर्धी संदिग्धता जाते.

दराचं राजकारणही विसरू नका. स्वस्त बाजूच्या ग्राहकाला नवी केबल म्हणजे आपली वीज बाहेर जाणार आणि बिल वाढणार असं दिसतं, आणि ही भीती पूर्णपणे खोटी नसते. स्वीडनने जून २०२४ मध्ये जर्मनीला जोडणारी ७०० मेगावॅटची हान्सा पॉवरब्रिज केबल याच चिंतेतून नाकारली. स्वस्त बाजूच्या लोकांना नेमकं काय मिळणार, याचं उत्तर पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.

पायरी ५: दोन सरकारांमधला करार

सामंजस्य करार आणि बंधनकारक करार यांच्यातलं अंतर मोठं असतं. एस्टोनिया आणि लाटव्हिया यांनी एल्विंड या संयुक्त प्रकल्पासाठी २०२० मध्ये सामंजस्य करार केला. सुरुवात म्हणून ते ठीक आहे, पण बँकेला आणि विकासकाला हवं असतं ते दुसरं. बॉर्नहोल्म ऊर्जा बेटासाठी डेन्मार्क आणि जर्मनी यांनी २०२३ मध्ये सरकारी पातळीवर करार केला. ३ गिगावॅट पवनऊर्जा, त्यातून जर्मनीकडे २ गिगावॅटची आणि डेन्मार्ककडे १.२ गिगावॅटची जोडणी, अशी ती आखणी आहे. तरीही खर्चाच्या वाटणीची बोलणी त्यानंतरही चालूच राहिली. म्हणून करारात खर्चाचं सूत्र लिहाच, आणि खर्च वाढला तर तो वाढीव भाग कोणत्या प्रमाणात कुणी उचलायचा हेही लिहा. भांडणं जवळजवळ नेहमी या वाढीव भागावर होतात.

नवीकरणीय ऊर्जेचं उद्दिष्ट कुणाच्या खात्यात धरायचं, हाही कराराचाच भाग आहे. युरोपीय संघाच्या नियमांत यासाठी संयुक्त प्रकल्प आणि सांख्यिकी हस्तांतरण अशा सोयी आहेत. वीज इथेच राहते, उद्दिष्टातला वाटा पैसे देऊन दुसऱ्या देशाच्या नावावर जातो. लक्झेंबर्गने २०१७ मध्ये लिथुआनिया आणि एस्टोनियाशी असे करार केले. खर्चवाटप मार्गी लागलं नाही तर तिथे आणखी एक दार आहे. दोन्ही देशांचे नियामक सहा महिन्यांत एकमतावर आले नाहीत, तर युरोपीय नियामक संस्था एसर निर्णय देते. युरोपीय संघाबाहेर असा पंच सहसा नसतो, त्यामुळे लवादाचं कलम स्वतःच घालून घ्या.

पायरी ६: पर्यावरण आणि सर्वेक्षण

फिनलंडमधल्या एस्पू इथे १९९१ मध्ये झालेला आणि १९९७ पासून लागू असलेला करार सांगतो, की सीमेपलीकडे परिणाम होणार असेल तर शेजारी देशाला कळवायचं, आणि तेही आपल्या जनतेला कळवण्याच्या वेळेपर्यंत, नंतर नव्हे. प्रत्यक्षात वेळ जातो तो भाषांतरात आणि दोन देशांच्या वेगवेगळ्या निकषांत. एका देशात पाया ठोकताना होणाऱ्या आवाजाला कडक मर्यादा असते (जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबल) आणि दुसऱ्या देशात मोजण्याची पद्धतच निराळी असते. सगळीकडे कडक निकष पाळायचा, असा निर्णय सुरुवातीलाच घ्या. हवेच्या बुडबुड्यांचा पडदा लावून आवाज दाबण्याचा खर्च नंतरच्या थांबलेल्या कामापेक्षा कमीच असतो, आणि शिंशुकांचे कळप कोणत्या देशाच्या पाण्यात आहेत हे पाहून वागत नाहीत.

सर्वेक्षणाची माहिती एकाच साच्यात गोळा करा: समुद्रतळाची खोली, मातीचे नमुने, तरंगत्या यंत्रावरून किमान एक वर्षभराचं वाऱ्याचं मोजमाप. केबलच्या मार्गाचं सर्वेक्षण टर्बाइनच्या जागेइतकंच बारकाईने करा. वर आलेल्या रिफगाटची टर्बाइन २०१३ मध्ये उभी राहिली, पण केबलच्या मार्गावर दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा निघाला. तो काढेपर्यंत जोडणी रखडली आणि वीज २०१४ मध्ये वाहू लागली. मधल्या काळात खाऱ्या हवेत यंत्रं खराब होऊ नयेत म्हणून ती डिझेल जनरेटरवर फिरवत ठेवावी लागली. वीज बनवायची टर्बाइन डिझेल जाळून फिरवायची वेळ आली, ती केबलच्या मार्गाकडे वेळेत लक्ष न गेल्यामुळे.

पायरी ७: वीजजोडणीची रचना

या बाबतीत क्रीगर्स फ्लाक अभ्यासण्यासारखा आहे. बाल्टिक समुद्रातल्या या उथळ भागात डेन्मार्क, जर्मनी आणि स्वीडन यांची क्षेत्रं एकत्र येतात. मूळ कल्पनेत तिन्ही देश होते. स्वीडन २०१० मध्ये बाहेर पडला. उरलेल्या दोघांनी डेन्मार्कचा ६०४ मेगावॅटचा क्रीगर्स फ्लाक आणि जर्मनीचे बाल्टिक १ (४८ मेगावॅट) व बाल्टिक २ (२८८ मेगावॅट) हे प्रकल्प समुद्रातच जोडले. डिसेंबर २०२० पासून ४०० मेगावॅटपर्यंतची वीज त्या जोडणीतून इकडून तिकडे जाते. पायरी १ मधला तिसरा प्रकार तो हाच.

अडचण अशी होती, की पूर्व डेन्मार्क नॉर्डिक ग्रिडमध्ये आहे आणि जर्मनी मुख्य भूमीच्या युरोपीय ग्रिडमध्ये. दोन्हीकडे ५० हर्ट्‌झच, पण विजेच्या लहरींचा ठेका वेगळा, त्यामुळे थेट तार जोडता येत नाही. एका ग्रिडची वीज दुसऱ्याच्या ठेक्यात बसवणारे कन्व्हर्टर समुद्रात बसवण्याचा पहिला विचार फार महाग पडत होता. मग रोस्टॉकजवळ बेंटव्हिश इथे, जमिनीवर, पाठीला पाठ लावलेले कन्व्हर्टर बसवले. परिणामी जर्मनीची ती टर्बाइन आता नॉर्डिक ग्रिडच्या ठेक्यावर फिरतात. यातून दोन गोष्टी घ्या. जड आणि नाजूक यंत्रणा शक्य तितकी जमिनीवर आणा. आणि केबलमध्ये पहिला हक्क वाऱ्याच्या विजेचा, उरलेली जागा व्यापाराला, हा क्रम नियामकाकडून आधीच मान्य करून घ्या. युरोपीय नियमांप्रमाणे जोडणीची ७० टक्के क्षमता व्यापारासाठी खुली ठेवावी लागते. क्रीगर्स फ्लाकला २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडून त्यातून खास सूट घ्यावी लागली.

अंतर साधारण ८० ते १०० किलोमीटरच्या पुढे गेलं की एसी केबल परवडत नाही आणि डीसी घ्यावी लागते. डीसीत वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळवणं अजून कठीण आहे. पुढे तिसरा देश जोडायचा विचार असेल तर नियंत्रण प्रणालीचे तपशील खुले ठेवण्याची अट खरेदीच्या करारातच घाला. नंतर ती घालता येत नाही.

पायरी ८: लिलाव

सगळं तयार असूनही बोली न येणं आता दुर्मीळ राहिलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये डेन्मार्कच्या उत्तर समुद्रातल्या ३ गिगावॅटच्या लिलावात एकही बोली आली नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतही तेच झालं. दोन्हीकडे सरकारी आधार नव्हता आणि सगळी जोखीम विकासकावर होती. सीमापार प्रकल्पात जोखीम त्याहून जास्त असते. केबल उशिरा आली तर भरपाई, दर विभाग बदलला तर भरपाई आणि निश्चित दराचा करार, या तीन गोष्टी निविदेत नसतील तर लिलाव पुढे ढकला. फसलेला लिलाव दुसऱ्यांदा उभा करणं राजकीयदृष्ट्या जड जातं.

पायरी ९: बांधकाम, देखभाल, राखण

बंदर एकच निवडा, मग ते कोणत्याही देशातलं असो. दोन्ही बाजूंना रोजगार दाखवण्यासाठी काम दोन बंदरांत विभागलं की जहाजांच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढतात. शोध व बचावकार्याचा एकच आदेशकक्ष ठरवा, कारण अपघाताच्या वेळी कुणाचं हेलिकॉप्टर जाणार यावर फोनाफोनी होऊ नये. केबलची राखण हा आता गंभीर विषय आहे. २५ डिसेंबर २०२४ ला फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यामधली एस्टलिंक २ ही ६५० मेगावॅटची केबल तुटली. एका तेलवाहू जहाजाचा ओढला गेलेला नांगर हे त्याचं कारण मानलं जातं. दुरुस्तीला पुढच्या वर्षाचा जून उजाडला. सुट्या केबलचा साठा आणि दुरुस्ती जहाजाचा करार दोन देशांनी मिळून आधीच करून ठेवावा.

पायरी १०: मोडणीचा खर्च

विंडेबीची ती ११ टर्बाइन २०१७ मध्ये उतरवली गेली. समुद्र कायद्यात वापर संपलेली बांधकामं काढण्याचं बंधन आहे, पण पैसे कुणाचे हे देशोदेशीचे कायदे ठरवतात. सीमापार प्रकल्पात एक जास्तीचा पेच असतो. टर्बाइनचं आयुष्य २५ ते ३० वर्षं, केबलचं ४० च्या आसपास. टर्बाइन निघाल्यावरही दोन देशांमधला व्यापार चालू ठेवायचा, तर समुद्रातलं उपकेंद्र उभं ठेवावं लागेल. ते तेव्हा कुणाच्या मालकीचं होणार, त्याच्या देखभालीचा खर्च कोण करणार आणि शेवटी ते कोण काढणार, हे पायरी ५ च्या करारात लिहून ठेवा. मोडणीची बँक हमी प्रकल्पाच्या पहिल्या दहा वर्षांतच, उत्पन्न येत असताना, टप्प्याटप्प्याने घ्या. टर्बाइन ज्या देशाच्या पाण्यात आहे, हमी त्याच देशाच्या नावाने असावी.